सूचना करणाऱ्या कामगाराला उत्तर मिळाले पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शेंद्रा आणि बिडकीन येथील ऑरिक औद्योगिक नगरीत येऊ घातलेल्या प्रकल्पांविषयी आपल्या वृत्तपत्रात सातत्याने वाचायला मिळते. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी केलेला सामंजस्य करार, एथरचा विद्युत दुचाकींचा प्रकल्प, त्यांसाठी लागणारी जमीन, पाणी, वीज आणि सवलती यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु या साऱ्या चर्चेत माणसांविषयी एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे किती हातांना काम मिळणार. ज्यांना काम मिळेल त्यांनी त्या कामात काही नवे सुचविले, तर ते ऐकून घेण्याची कोणती व्यवस्था तेथे असेल आणि आज वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड येथील कारखान्यांत ती कितपत आहे, याविषयी कोणी बोलत नाही. हे पत्र त्याविषयी आहे.

मी वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत आधी टूलरूममध्ये (साचे आणि जोडसाधने बनविणाऱ्या विभागात) आणि नंतर उत्पादन विभागात पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली असून आता निवृत्त झालो आहे. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याभोवती सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जाळे विणले गेले आणि गंगापूर, पैठण, वैजापूर, कन्नड या तालुक्यांतील आयटीआय झालेली किंवा न झालेली मुले त्यात कामाला लागली. त्या मुलांमध्ये वावरून माझे जे मत बनले, ते मला स्पष्टपणे मांडायचे आहे. आपल्याकडे कामगारांना कल्पना सुचत नाहीत ही समजूत चुकीची आहे. कल्पना सुचतात, त्या बोलूनही दाखविल्या जातात, पण त्यांना उत्तर मिळत नाही. होकार नाही आणि नकारही नाही. व्यवस्थापन ज्याला उदासीनता म्हणते, ती बहुतेक वेळा या न मिळालेल्या उत्तरांतून तयार झालेली असते.

एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे आणि माणसांचे नाव सांगणे योग्य होणार नाही. दुचाकीच्या सांगाड्याला जोडला जाणारा एक ब्रॅकेट वेल्डिंगच्या फिक्स्चरवर, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, बसवून जोडला जात असे. त्याचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार होते आणि एका छिद्राची जागा काही मिलिमीटरने वेगळी असण्यापलीकडे त्यांत डोळ्याला जाणवेल असा फरक नव्हता. दिवसाच्या उजेडात अनुभवी वेल्डर चुकत नसे, पण रात्रपाळीत, महिनाअखेरीच्या घाईत, डाव्याच्या जागी उजवा ब्रॅकेट बसे आणि जोडून निघे. लाइनवर माल उचलून देणाऱ्या एका कंत्राटी हेल्परच्या हे लक्षात आले. तो गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज येई. त्याने लाइनच्या पर्यवेक्षकाला सांगितले, “साहेब, हे दोन्ही पार्ट सारखेच दिसतेत. इथं एक पिन लावली, तर चुकीचा पार्ट बसायचाच नाही.” सूचना अचूक होती. छिद्राच्या जागेतील फरकाचा उपयोग करून एक लोकेटिंग पिन बसविली की चुकीचा ब्रॅकेट फिक्स्चरमध्ये जाणारच नाही, हे टूलरूमच्या माणसाला एका वाक्यात कळले असते. हेल्परला उत्तर मिळाले, “तू तुझं काम कर.”

पुढे काही महिन्यांनी ग्राहक कंपनीकडून तक्रार आली. पाठविलेल्या मालाची छाननी करायला माणसे पाठवावी लागली, पेट्याच्या पेट्या परत आल्या, बैठका झाल्या. शेवटी एका अभियंत्याने फिक्स्चरवर पिन बसविली आणि ती सुधारणा त्याच्या नावाने फलकावर लागली. त्या अभियंत्याला हेल्परच्या सूचनेची माहिती नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येणार नाही. हेल्परने मात्र त्यानंतर तोंड उघडले नाही. त्याच लाइनवर पुढे एका प्रेसच्या डायला (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला) तडा जाऊ लागल्याचे आवाजातला बदल ऐकून त्याला आधीच जाणवले होते, पण ते त्याने आपल्या सोबत्याला सांगितले, पर्यवेक्षकाला नाही. ती डाय तुटली तेव्हा झालेले नुकसान हिशेबात ‘यंत्र दुरुस्ती’ या नावाने लिहिले गेले. खरे तर तो खर्च न दिलेल्या उत्तराचा होता.

सूचना पेटी अनेक कारखान्यांत असते. प्रवेशद्वाराशी किंवा कँटीनच्या भिंतीवर ती लावलेली असते, आणि गुणवत्ता तपासणीला ग्राहक कंपनीचे लोक यायचे असले की तिच्यात सूचना टाका असे पर्यवेक्षकांना सांगितले जाते. प्रत्येक विभागाने महिन्याला अमुक इतके कायझेन, म्हणजे लहान सुधारणा, द्यावेत असे लक्ष्य ठरविले जाते. मग महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत कचऱ्याच्या डब्याला रंग दिला, नट-बोल्ट आवळायचे पाने ठेवायला फळी केली, असे कागद भरले जातात. स्वच्छता आणि शिस्त यांना मी कमी लेखत नाही, फळीवर जागच्या जागी ठेवलेले पाने खरोखर वेळ वाचवितात. पण संख्या भरण्यासाठी भरलेला कागद आणि मनापासून केलेली सूचना यांतला फरक कामगाराला नेमका कळतो. ज्या ठिकाणी केवळ संख्या मोजली जाते, तेथे तो आपली खरी सूचना राखून ठेवतो.

बिडकीनच्या निमित्ताने टोयोटाचे उदाहरण आपल्या लोकांनी मुद्दाम अभ्यासावे असे मला वाटते. त्या कंपनीच्या जपानमधील कारखान्यांत कामगारांच्या सूचनांची योजना 1951 मध्ये सुरू झाली. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी त्याआधी अमेरिकेत फोर्डच्या कारखान्याला भेट देऊन आले होते आणि तशीच योजना त्यांनी तेथे पाहिली होती. कल्पना बाहेरची होती, परंतु ती राबविण्याची चिकाटी त्यांची स्वतःची होती. पहिल्या चार दशकांत या योजनेत सुमारे 2 कोटी सूचना आल्या. त्यातील बहुसंख्य सूचना अगदी लहान होत्या आणि त्यांवर मिळणारे बक्षीसही किरकोळ असे. तरीही लोक सूचना करीत राहिले, याचे कारण त्या सूचना कामगाराच्या थेट वरिष्ठाकडे जात, तो त्यांवर बोले, अपुरी सूचना पूर्ण करायला मदत करी आणि शक्य तेथे त्या लगेच अमलात येत. मोठे बक्षीस आणि वर्षातून एक समारंभ यांपेक्षा लहान बक्षीस आणि तातडीचे उत्तर यांचा परिणाम अधिक टिकाऊ होतो, हे यातून मला तरी स्पष्ट दिसते.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने 1962 पासून जपानमध्ये रुजलेली गुणवत्ता मंडळे (कामातील अडचणी मिळून सोडविणारे कामगारांचे लहान गट) आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हैदराबादच्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यातून आली आणि 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. हैदराबाद आपल्याला परके नाही. मराठवाड्याचे त्या शहराशी पिढ्यान् पिढ्यांचे नाते आहे. त्यानंतर आपल्या भागातल्या मोठ्या कारखान्यांत गुणवत्ता मंडळे निघाली, त्यांनी स्पर्धांत भाग घेतला, पदकेही आणली. ही मंडळे चांगली चालली त्या ठिकाणी मी माणसे बदलताना पाहिली आहेत. सातवी-आठवी शिकलेला मशीन ऑपरेटर फळ्यावर आकृती काढून, सगळ्या विभागप्रमुखांसमोर, रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेला माल) कुठून येते हे न अडखळता सांगत असे. दुर्दैवाने पुढे अनेक ठिकाणी मंडळाचे सादरीकरण अभियंते तयार करू लागले, कामगाराने ते पाठ करायचे एवढेच उरले, आणि तेव्हापासून त्यातला जीव गेला.

येथे पर्यवेक्षकाची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळा दोष त्याच्या माथी मारणे सोपे आणि अन्यायाचे आहे. आठ तासांत ठरलेले नग द्यायचे, गैरहजर माणसांच्या जागी माणसे उभी करायची, वीज गेली किंवा कच्चा माल उशिरा आला तरी संध्याकाळी आकडा पूर्ण दाखवायचा, या ओझ्याखाली तो असतो. सूचना ऐकायची तर मशीन दहा मिनिटे थांबवून पाहावे लागते आणि त्या दहा मिनिटांचा हिशेब त्याला द्यावा लागतो. ज्याची बढती आणि पगारवाढ केवळ नगांवर ठरते, त्याने सूचनांना वेळ द्यावा ही अपेक्षा करणेच चूक आहे. म्हणून किती सूचनांना सात दिवसांत कारणासह उत्तर दिले, हे पर्यवेक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनात मोजले गेले पाहिजे, आणि सूचना तपासण्यासाठी थांबविलेला वेळ उत्पादनाच्या तुटीत धरला जाऊ नये. हे दोन बदल वरच्या लोकांनी केल्याशिवाय खालचा माणूस बदलणार नाही. किती सूचना ‘आणल्या’ हे मोजू नये, उत्तरे मोजावीत, याचाही मी आग्रह धरतो.

नकाराचे उत्तरही उत्तरच असते. “तू म्हणतोस तसे केले तर कूलंट मोटरवर उडेल, म्हणून आत्ता करता येत नाही” असे समोर उभे राहून सांगितले, तर कामगार बहुतेक वेळा नाराज होत नाही. उलट कूलंट (यंत्रकामात थंडावा देणारे द्रव) उडणार नाही अशी जागा तो शोधू लागतो. मी पाहिलेल्या चांगल्या सुधारणांपैकी कित्येक पहिल्या नकारानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नात जमलेल्या होत्या. टाटा समूहात इनोव्हिस्टा नावाचा जो उपक्रम चालतो, त्यात प्रामाणिकपणे करून पाहिलेल्या पण यशस्वी न झालेल्या प्रयत्नांसाठी ‘डेअर टू ट्राय’ हा वेगळा पुरस्कार ठेवलेला आहे. आपल्याकडील लघुउद्योगाला पुरस्कार परवडो न परवडो, फसलेल्या प्रयोगाबद्दल कामगाराच्या पगारातून कापून न घेणे तरी निश्चित परवडते.

भाषेचा अडसर वरवर लहान दिसतो, पण प्रत्यक्षात मोठा आहे. सुधारणेचा छापील तक्ता बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतो. आधीची स्थिती, नंतरची स्थिती, मूळ कारण, पाच वेळा ‘का’ विचारून काढलेला निष्कर्ष, वाचलेला खर्च, असे रकाने त्यात असतात. ज्याला मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत उत्तम बोलता येते आणि ज्याचे हात यंत्राशी सराईतपणे बोलतात, तो हा तक्ता पाहून थबकतो. लिहिण्याची सक्ती का असावी? कामगाराने आपल्या बोलीत सांगावे, पर्यवेक्षकाने लिहून घ्यावे, वाचून दाखवावे आणि खाली त्याची सही घ्यावी. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून सोबत जोडले तर अर्धे वर्णन वाचते. वायर हार्नेसच्या (वाहनातील तारांच्या जुड्या बांधण्याच्या) लाइनवर काम करणाऱ्या महिलांच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण अनेकजणी पुरुष अधिकाऱ्यांसमोर बैठकीत उभे राहून बोलत नाहीत, पण टेबलाशी एखादी ताई येऊन बसली की तारांची जुडी कुठे अडकते आणि मनगट का दुखते हे बारकाईने सांगतात. मनगट दुखण्यामागचे कारण दूर झाले की कामाचा वेगही वाढतो, आणि ते कारण सर्वांत आधी तिलाच कळलेले असते.

आता ज्या गोष्टीविषयी उघड बोलले जात नाही, तिच्याकडे येतो. कामगाराला भीती वाटते, आणि त्या भीतीला आधार आहे. पॅकिंगच्या एका टेबलावरील दोघांनी पेट्यांची मांडणी बदलून रोजच्या खेपा कमी केल्या, काम लवकर उरकू लागले, आणि पुढच्या महिन्यात लक्ष्य वाढवून त्या टेबलावरचा एक माणूस कमी करण्यात आला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर त्या विभागात कोणीही काम सोपे करण्याचा मार्ग सांगितला नाही. सांगणारा मूर्ख ठरला असता. यावर उपाय एकच आहे. कोणत्याही कामगाराच्या सूचनेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही आणि सूचनेतून वाचलेल्या वेळेच्या आधारे ठरावीक काळापर्यंत लक्ष्य वाढविले जाणार नाही, असे व्यवस्थापनाने मराठीत लिहून, सही करून, फलकावर लावले पाहिजे. वाचलेल्या माणसाला दुसरे काम, दुसरे यंत्र, दुसरे प्रशिक्षण देता येते. बचतीचा काही भाग त्या गटाला मिळावा हे ओघाने आलेच. हे लेखी आश्वासन नसेल तर सर्जनशीलतेवरची व्याख्याने आणि एक दिवसाची शिबिरे भरविण्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न याला जोडूनच आहे. सूचना योजना बहुतेक ठिकाणी कायम कामगारांपुरती असते, तर यंत्रावर प्रत्यक्ष उभी असलेली माणसे मोठ्या प्रमाणावर कंत्राटी, प्रशिक्षणार्थी किंवा हंगामी असतात. अनेक ठिकाणी सलग सेवेचे कायदेशीर हक्क देणारे 240 दिवस भरण्याआधीच त्यांना ब्रेक दिला जातो. ज्याला दिवाळीनंतर आपण या दारातून आत येणार की नाही हे ठाऊक नाही, त्याने पुढल्या वर्षीच्या उत्पादनाचा विचार का करावा? तरीही तो करतो, हे मी वर सांगितलेच आहे. कंत्राटाची पद्धत बदलावी की नाही, हा मोठा वाद आहे आणि तो या पत्रात मावणारा नाही. परंतु ठेकेदाराच्या माणसाची सूचनाही मुख्य कंपनीने त्याच्या नावाने नोंदवावी, बक्षीस ठेकेदाराच्या हाती न देता थेट त्याच्या बँक खात्यात जमा करावे आणि कायम भरतीच्या वेळी त्या नोंदीला गुण द्यावेत, यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही.

नावाचा मुद्दा मला पैशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यातील कलम 28 नुसार खऱ्या संशोधकाचा उल्लेख पेटंटमध्ये करता येतो आणि त्या उल्लेखाने पेटंटच्या हक्कांत काही फरक पडत नाही. म्हणजे मालकी कंपनीची राहते, पण शोध कोणाचा होता हे कागदावर राहते. कारखान्यातील शंभरातल्या नव्याण्णव सुधारणा पेटंटपर्यंत जाणाऱ्या नसतात, तरी हे तत्त्व पिन बसविलेल्या फिक्स्चरलाही लावता येते. त्या फिक्स्चरवर नाव कोरलेली छोटी पट्टी बसवायला टूलरूमला फार वेळ लागत नाही. जर्मनीत तर कर्मचाऱ्यांनी लावलेल्या शोधांविषयी 1957 पासून स्वतंत्र कायदा आहे. कर्मचाऱ्याने शोध कळविल्यावर तो मिळाल्याची पोच मालकाने विनाविलंब द्यावी आणि शोध कंपनीने स्वतःकडे घेतल्यास वाजवी मोबदला द्यावा, असे बंधन त्यात आहे. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूममधून आपल्या मुलांनी जर्मन पद्धतीची यंत्रकला आत्मसात केली. तेथील ही पोच देण्याची पद्धतही आपण घ्यावी.

मोठ्या कारखान्यांपुरता हा विषय मर्यादित ठेवणे चूक होईल. लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून ओट्यावर वाळत घालणाऱ्या बायकांना दाणा मुठीत घेताच कळते की तो एमरीच्या (खरखरीत दगडाच्या) रोलरखाली नीट सोलला जाईल की त्याचा तुकडा आणि चुनी होईल. मालाचा उतारा त्यांच्या त्या जाणिवेवर अवलंबून असताना वाळवणीच्या वेळापत्रकाविषयी त्यांना कोणी विचारत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई रोलरमधून कोणत्या बाजूला उसळू शकते, हे भट्टीजवळच्या माणसाला सर्वांत आधी समजते. अशा ठिकाणी सुरक्षिततेविषयीच्या सूचनेला सात दिवसही फार होतात, तिला त्याच पाळीत उत्तर मिळाले पाहिजे. साखर कारखान्यांत गाळप हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगच्या महिन्यांत जुने फिटर एकमेकांना हंगामातल्या खोळंब्यांची कारणे सांगत असतात. ते बोलणे एका वहीत उतरविले, तरी पुढच्या हंगामातील बंद पडण्याचे कितीतरी तास वाचतील. लघुउद्योगात एक मोठी सोय अशी की मालक स्वतः दिवसभर तेथेच असतो. त्याला समिती लागत नाही, मनुष्यबळ विभाग लागत नाही. संध्याकाळी पाच मिनिटे थांबून त्याने ऐकले आणि सकाळी उत्तर दिले, की योजना सुरू झाली.

आपल्या कामगारांकडून अवघड प्रसंगी काय होऊ शकते हे मराठवाड्याने पाहिलेले आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत वाघिणी वाफेने धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी तयार करण्यात आल्या आणि पहिली गाडी दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातुरात पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. एवढे पाणी एका गावी भरायचे, दुसऱ्या गावी उतरवून घ्यायचे आणि गाडी परत पाठवायची, हे नेहमीच्या कामात न बसणारे काम अनेक विभागांच्या कर्मचाऱ्यांनी थोड्या दिवसांत जमवून आणले. संकटात आपण फिटरला आणि व्हॉल्व्हवरच्या माणसाला “कसे करता येईल?” असे विचारतो आणि तो मार्ग काढतो. साध्या दिवशीही तोच प्रश्न त्याच आदराने विचारला जावा, एवढेच माझे मागणे आहे.

सरकारी कार्यालयांविषयी थोडक्यात लिहितो, कारण माझा तेथील अनुभव मर्यादित आहे. राज्य शासनाच्या प्रशासकीय गतिमानता अभियानात कर्मचाऱ्यांच्या कल्पनांना पुरस्कार आहेत, शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धा होते. या चांगल्या गोष्टी आहेत. आवक-जावक सांभाळणारा लिपिक, एसटी आगारातील मेकॅनिक आणि रुग्णालयातील परिचारिका यांनी वरिष्ठांना सुचविलेल्या बदलाला मुदतीत लेखी उत्तर देण्याची पद्धत मात्र तेथेही हवी.

राज्यघटनेत 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेले कलम 43-अ उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा असे सांगते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती स्थापन करण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. या समित्यांच्या बैठकांत कँटीनचा चहा आणि बसच्या वेळा यांवर चर्चा होते, तीही आवश्यकच आहे. पण विषयपत्रिकेवर ‘गेल्या महिन्यात आलेल्या सूचना आणि त्यांना दिलेली उत्तरे’ हा एक कायमचा विषय घातला, तर नवी समिती, नवा निधी, नवा शासन निर्णय यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागणार नाही. कामगार संघटनांनीही वेतनकराराच्या मसुद्यात हे कलम मागावे. वेतनवाढीच्या वाटाघाटीत ते कदाचित दुय्यम वाटेल, परंतु नोकरी न जाण्याच्या ज्या लेखी हमीविषयी मी वर लिहिले, ती मिळविण्याची ताकद संघटनेइतकी दुसऱ्या कोणाकडे नाही.

सीएमआयए आणि मसिआ या आपल्या भागातील उद्योजकांच्या दोन्ही संघटना नव्या उद्योगांसाठी बरेच काम करतात. सीएमआयएच्या पुढाकारातून उभे राहिलेले ‘मॅजिक’ हे केंद्र नवउद्योजकांना आधार देते. शिकलेला तरुण स्वतःची कल्पना घेऊन तेथे जाऊ शकतो. ज्याची कल्पना दुसऱ्याच्या कारखान्यातल्या यंत्राला चिकटलेली आहे, त्या कामगाराला मात्र जाण्यासाठी अशी जागा नाही. या संघटनांनी आपल्या सभासद कारखान्यांसाठी मराठीत एक साधी नमुना नोंदवही तयार करावी, असे मी सुचवितो. सूचना, ती करणाऱ्याचे नाव, मिळाल्याची तारीख, दिलेले उत्तर आणि उत्तराची तारीख, एवढे पाच रकाने तिच्यात पुरेत. पाच-दहा कारखान्यांनी वर्षभर ती वही प्रामाणिकपणे भरली, तर त्यातून काय वाचले आणि काय बिघडले याचा हिशेब इतरांना दाखविता येईल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. उद्योगविषयक बातम्यांच्या पानावर गुंतवणुकीच्या आकड्यांसोबत दर आठवड्याला मराठवाड्यातील एका कामगाराने केलेली एक सुधारणा छापावी. ती कोणत्या यंत्रावर केली, आधी काय अडत होते, आता काय सोपे झाले, हे चार वाक्यांत लिहावे. त्याचे नाव आणि छायाचित्र द्यावे, आणि ज्या पर्यवेक्षकाने त्याला वेळेत उत्तर दिले त्याचेही नाव द्यावे. व्यवस्थापनाने पाठविलेल्या प्रसिद्धिपत्रकावर विसंबून न राहता वार्ताहराने त्या कामगाराशी स्वतः बोलून मजकूर लिहावा. या सदरासाठी वाळूज परिसरातील पहिली काही नावे आणि सुधारणांची माहिती, संबंधितांची परवानगी घेऊन, आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पर्यवेक्षक,
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर